पतीच्या नावाचा रकाना

"माणूस चार वेळा मरतो," आबा म्हणायचे. "एकदा घरात, एकदा नगरपालिकेत, एकदा तलाठ्याच्या दप्तरात आणि शेवटी बँकेत. बँकेत तो लवकर मरायला तयार होत नाही." हे ते कुणाला हसवायला म्हणत नसत. त्यांना ते अगदी तसंच वाटायचं. पहिलं मरण देवाच्या हातचं, पण उरलेली तीन नीट पार पाडायची जबाबदारी आपली, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यापायी त्यांनी निवृत्तीनंतरची सगळी वर्षं, कितीतरी चपला आणि बरीचशी अब्रू झिजवली. त्यांना जाऊन आता वर्ष होईल.

मी धुळ्याला त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला गेले तेव्हा चोवीस वर्षांची होते. एका सरकारी कचेरीत नुकतीच कारकून म्हणून लागले होते. दुसरा घरमालक असता तर नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगितलं असतं, फार तर रात्री उशिरा येणं चालणार नाही अशी तंबी दिली असती. आबांनी जिना चढता चढता विचारलं, "नोकरीत नॉमिनी कोण लावलाय?"

"अजून कुणी नाही. लावीन आईचं नाव सावकाश."

आबा पायरीवरच थांबले. "सावकाश? मरणारा सावकाश मरतो का?"

आणि खरं सांगते, तो फॉर्म भरून त्याची पोचपावती आणून दाखवेपर्यंत त्यांनी मला खोलीची किल्ली दिली नाही. दोन दिवस मी मैत्रिणीकडे काढले. चोवीस वर्षांच्या मुलीला पहिल्या भेटीत तिच्या मरणाविषयी विचारणारा हा म्हातारा डोक्यानं सरकलेला असणार, असं मी आईला फोनवर सांगितलंही होतं.

आबा तलाठी म्हणून निवृत्त झालेले. अंगानं काटकुळे, पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, खिशाला दोन पेनं. बगलेत रेक्झिनची काळी पिशवी. तिच्यात कोरे अर्ज, कोर्ट फीची तिकिटं, शाईचं पॅड, डिंकाची बाटली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक ओलं फडकं असायचं. अंगठा घेतला की ते बाईचा अंगठा स्वतः त्या फडक्यानं पुसून द्यायचे. "त्या शाईच्या हातानं ती भाकरी कशी थापेल?" एवढा विचार करणारा माणूस बोलताना मात्र काडीचाही विचार करत नसे.

सकाळी पेपर आला की ते मागच्या पानापासून वाचायला सुरुवात करायचे. निधनवार्तांवर लाल पेन्सिलीनं खुणा करायच्या आणि अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ओरडून सांगायचं, "आज तीन. त्यातले दोन चालत जाण्यासारखे." अक्का आतून म्हणायच्या, "आधी चहा पिऊन घ्या, ते काय पळून जात नाहीत."

आमच्या खानदेशात कुणी गेलं की लोक दारावर जातात. दारावर जाणं म्हणजे सांत्वनाला जाणं. घरापुढे सतरंजी अंथरलेली असते, पुरुष माणसं येऊन गुमान बसतात, कुणीतरी "कसं काय व्हयनं?" असं विचारतं, आणि घरचा माणूस विसाव्यांदा तीच हकीकत पहिल्यापासून सांगतो. आबाही जायचे. ओळख असो नसो, बसायचे. घड्याळाप्रमाणे पाच मिनिटं गप्प. मग घसा खाकरून, "दाखला काढला का?"

बसलेली माणसं एकमेकांकडे पाहायची. एका घरी मयताच्या पुतण्यानं तर त्यांची कॉलर धरली होती. "अजून राख गार झाली नाही आणि तुम्हाला दाखला सुचतो?" आबा कॉलर न सोडवताच म्हणाले, "राख आपोआप गार होते रे बाबा. अर्ज आपोआप होत नाही. एकवीस दिवसांत नोंद कर. आणि प्रती दहा काढ. दोन काढशील आणि आठ वेळा हेलपाटे मारशील." त्यांना सगळे मागून चित्रगुप्त म्हणायचे. पण दिवसकार्याचे, म्हणजे गंधमुक्तीचे, पाहुणे पांगले, घरात कागदांचा ढीग आणि माणसं तेवढी उरली, की हीच सगळी मंडळी आबांच्या ओट्यावर हजर. तो पुतण्याही आला होता. आबांनी त्याला आधी चहा दिला, मग अर्ज.

सुट्टीच्या दिवशी ते मलाही बरोबर न्यायचे. "शिकून घे, कारकून आहेस," म्हणायचे. खरं म्हणजे पिशवी धरायला माणूस हवा असायचा. अशाच एका रविवारी मी त्यांचा सगळ्यात न आवडणारा हट्ट पाहिला.

साठीच्या एक बाई होत्या. त्यांचे मालक जाऊन बारा-तेरा दिवस झालेले. दोन मोठे मुलगे, सुना, जाऊबाई, सगळे भोवती बसलेले. आबांनी प्रतिज्ञापत्राचा कागद मांडीवर घेतला आणि त्या बाईंना विचारलं, "तुमच्या मालकांचं नाव?"

बाईंनी पदर पुढे ओढला. आमच्याकडची जुनी बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. तो असतानाही नाही आणि गेल्यावर तर नाहीच नाही. मोठा मुलगा म्हणाला, "लिहा ना आबा, मी सांगतो."

"तुले इचारं का मी?" आबा चिडले की कचेरीतली मराठी सोडून अहिराणीवर यायचे.

"अहो, आमच्यात नाव घेत नाहीत," जाऊबाई म्हणाल्या.

"माहीत आहे. म्हणून तर थांबलोय."

आणि ते खरोखरच थांबले. पेन कागदावर टेकवून. पाच मिनिटं गेली, दहा गेली. धाकटा मुलगा उठून बाहेर गेला. एक सून माझ्याकडे अशी पाहत होती, जणू हा माणूस मीच घरात आणून सोडलाय. मला जमिनीत जावंसं वाटत होतं. वीस मिनिटांनी त्या बाईंनी भिंतीकडे तोंड केलं आणि बारीक आवाजात नाव घेतलं. नवऱ्याचं, सासऱ्याचं, आडनावासकट. आणि मग त्या रडल्या. नवरा गेला त्या दिवसापासून त्या रडल्या नव्हत्या, असं मुलानं मागाहून सांगितलं. आबांनी त्याच क्षणाला ते नाव कागदावर लिहिलं, कागद फिरवून त्यांच्यापुढे धरला आणि अक्षरावर बोट ठेवलं. बाईंना वाचता येत नव्हतं. "हे बघा. लिहिलं," आबा म्हणाले.

परतताना मी भडकले होते. "आबा, हा छळ आहे. मुलगा सांगत होता ना?"

"असेल छळ," ते म्हणाले आणि चालत राहिले.

तिथून निघायच्या आधी मात्र त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला होता. प्रत्येक दारावर, निघताना, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपाशी जाऊन ते विचारायचे, "झेलाबाई नावाची कुणी ऐकण्यात आहे का? तापीकाठची. कडेवर पोरगी घेऊन भावाबरोबर केळीच्या मुलखात गेली, रावेरकडे." कुणाच्याच ऐकण्यात नसायची. मी तर्क लढवून मोकळी झाले होते. जुनं प्रेमप्रकरण. एकदा डाळ निवडता निवडता अक्कांना छेडलंही, "अक्का, ही झेलाबाई कोण हो?"

अक्कांनी मान वर केली नाही. "मन्ही सवत शे ती," त्या म्हणाल्या. "लगीन नही व्हयनं, तरी इतला वरीस पासून मन्हा घरमा ऱ्हास." मी हसले. अक्का हसल्या नाहीत, तेव्हा मी मान खाली घालून डाळ निवडायला लागले.

खरी गोष्ट कळली ती आखाजीला. अक्षय तृतीया म्हणजे आमची आखाजी. खानदेशातली लेक जिथं असेल तिथून त्या दिवशी माहेरी येते. मला रजा मिळाली नाही म्हणून अक्कांनी खाली जेवायला बोलावलं. त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि निखाऱ्यांवर पुरणपोळीचा, तुपाचा घास टाकतात. त्याला आगारी म्हणतात. आबा एकेकाचं नाव घेऊन घास टाकत होते. वडील, आई, आजोबा, थोरला भाऊ. मग पाचवा घास मात्र कुणाचंही नाव न घेता निखाऱ्यांवर ठेवला. घागरीही मोजून एक जास्त होती.

"हा कुणाचा?" मी विचारलं. असले प्रश्न विचारायचे नसतात, हे मला कधी कळलेलं नाही.

दुपारी ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. तापीकाठचं गाव. तिथला एक तरणाबांड माणूस विहिरीत पडून गेला. आठ दिवसांनी त्याचा भाऊ वारस नोंदीचा अर्ज घेऊन आला. तलाठ्यानं घरी जाऊन चौकशी करायची असते, तसे आबा गेले. ओट्यावर पाच पंच बसलेले. चहा आला. आबांनी विचारलं, मयताची बायको? भाऊ म्हणाला, "ती तं माहेरले गयी. तिनी दुसरं घर करं." पाचही पंचांनी माना डोलावल्या. चहा पिताना आतून तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू आलं. "लेकरू कोनं शे?" आबांनी विचारलं. "मन्हंच शे," भाऊ म्हणाला. आबांनी लिहिलं, मयताच्या पश्चात पत्नी नाही, अपत्य नाही, भाऊ एकटा वारस.

"ती आतच होती," आबा म्हणाले. "दाराच्या मागे. माझ्यापासून पाच हातांवर."

त्या काळी आमच्या कितीतरी घरांत नवरा गेलेली बाई सव्वा महिना कोपऱ्यात बसायची. परक्या पुरुषानं तिचं तोंड पाहायचं नाही, तिचा आवाज बाहेर जायचा नाही. गावात सगळ्यांना हे ठाऊक. आबा काही परदेशातून आले नव्हते, त्यांच्या स्वतःच्या आत्यानं असा कोपरा धरलेला त्यांनी पाहिला होता. पण तो रिवाज होता, म्हणून ते आत गेले नाहीत. कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस चावडीवर लावली. कुणाची हरकत आली नाही. "कोपऱ्यात बसलेल्या बाईला नोटीस कोण वाचून दाखवणार?" सर्कलनं, म्हणजे मंडळ अधिकाऱ्यानं, नोंद मंजूर केली.

सव्वा महिना सरला तशी ती चावडीवर आली. कडेवर पोरगी. कोतवाल, पाटील, दोन-चार माणसं बसलेली. आबांनी विचारलं, तुम्ही कोण? तर तिनं नवऱ्याचं नाव घेतलं आणि म्हणाली, मी त्याची बायको.

"मी तिला काय म्हटलं, माहीत आहे? 'नोंद मंजूर झाली आहे. प्रांतसाहेबांकडे अपील करा.' चांगल्या शुद्ध मराठीत म्हटलं. तिला त्यातला एक शब्द तरी कळला असेल का? ती थोडा वेळ उभी राहिली. मग गेली."

वर्षभरानं त्यांनी सर्कलपाशी तोंड उघडलं. गप्प बैस, नोकरी जाईल, असं उत्तर मिळालं, आणि आबा गप्प बसले. तोवर दिरानं जमीन विकलेली होती. तिच्या माहेरी गेले तर घराला कुलूप. भाऊ बहिणीला घेऊन केळीच्या कामाला रावेरकडे गेला, एवढंच शेजाऱ्यानं सांगितलं. कितीतरी रविवार त्यांनी त्या भागात एसटीनं हिंडून काढले. केळीच्या बागेत काम करणाऱ्या एका बाईला नुसत्या नावानं शोधायचं म्हणजे काय, ते त्या भागात राहिल्यावाचून कळत नाही.

"पोरी, नवऱ्याचं नाव तिनं जन्मात पहिल्यांदा घेतलं असेल. माझ्यापुढे. आणि मी ते लिहून घेतलं नाही." एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसला. "एक साधा जबाब लिहायचा होता. तिला जमीन मिळाली असती की नाही, देव जाणे. पण ती त्याची बायको होती एवढं तरी कुठंतरी राहिलं असतं. ती सापडली तर मला ते लिहून द्यायचंय. दुसरं काही नाही."

पाचवा घास तिच्या नवऱ्याचा, तर आगारीच्या वेळी त्याचं नाव का घेतलं नाही, हे मी विचारलं. "मला हक्क नाही," ते म्हणाले. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली, आणि दोन्हींतलं कुठलं खरं हे मला आजही सांगता येणार नाही. पाच हातांवर दार होतं. उठून आत डोकवायला किती वेळ लागला असता?

पुढे माझं लग्न झालं. परीक्षा देऊन मी रावेरकडच्या एका लहान नगरपालिकेत लागले आणि टेबल मिळालं नेमकं जन्म-मृत्यू नोंदणीचं. आबांना केवढा आनंद झाला! "आता तू खरी कामाची झालीस," म्हणाले. तेव्हापासून दर आखाजीला त्यांचा फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "काही?" एवढंच विचारायचे. "नाही आबा," मी म्हणायचे. मग मुलांच्या शाळेचं विचारायचे आणि माझ्या नवऱ्याच्या विम्यावर कुणाचं नाव आहे ते.

मध्ये अक्का गेल्या. मी दारावर गेले तेव्हा आबा सतरंजीवर कडेला बसले होते, पेपर न वाचता. लोक येत होते, गप्प बसत होते, उठून जात होते. त्यांना तो प्रश्न विचारायची कुणाची छाती होईना. शेवटी मीच घसा खाकरला. "आबा, दाखला काढला का?" त्यांनी पिशवीतून गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. दहा प्रती होत्या. "सगळं झालं," ते म्हणाले. "बँकेतसुद्धा मेली. आता मी काय करू?" त्या दिवशी मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा रडले.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी कचेरी उघडल्या उघडल्या एक बाई खिडकीशी आली. पन्नाशी ओलांडलेली. केळीच्या पॅकिंगला जाणारी असणार, हे तिच्या हातांवरून दिसत होतं. केळीचा चीक लागून लागून बोटं काळी पडलेली होती. आई जाऊन सहा दिवस झाले होते. स्मशानभूमीची पावती, डॉक्टरची चिठ्ठी, आधार कार्ड, सगळं तिनं नीट रुमालात बांधून आणलं होतं. मी टाइप करायला घेतलं. मयताचे नाव, झेलाबाई. आमच्याकडे झेलाबाया थोड्या नाहीत, दोन-तीन नोंदी मीच केलेल्या होत्या. मी पुढे गेले.

"नवऱ्याचं नाव?"

ती रुमालाची घडी घालत राहिली. मी वर पाहिलं.

"ते टाकनं पडते का ताई?"

"वडिलांचं टाकलं तरी चालतं. आईच्या वडिलांचं सांगा."

"नाई," ती म्हणाली. मग खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवून बोलायला लागली. "मले बापाचं नाव मालूम नाई. मायनं कधी तोंडातून काढलं नाई. लई इचारलं मी. मारही खाल्ला. म्हने, एक डाव घेतलं व्हतं, काई फायदा झाला नाई, आता नाई घेत. मामाले मालूम व्हतं, पन मी चार वर्साची व्हती तवाच मामा गेला. साळंत त्याचंच नाव लावेल व्हतं. लोकं काय काय बोलले ताई मायले. आठी कोनी तिचा नवरा देखेल नव्हता ना. माझ्या लग्नातबी बोलले. माय काई बिनलग्नाची नव्हती. काळी पोत पेटीत जपून ठेवेल व्हती तिनं. जिती व्हती तवर तं कोनी लिहिलं नाई. आता मेल्यावर तरी कागदावर लिहा ना, का ती कोनाची तरी बायको व्हती."

माझे हात कीबोर्डवर तसेच राहिले. "आईचं मूळ गाव कुठलं?" मी विचारलं.

तिनं गाव सांगितलं. तापीकाठचं तेच गाव.

मी बाहेर जाऊन फोन लावला. आबांनी नेहमीसारखं "काही?" विचारलं नाही, कारण आखाजी नव्हती. "आबा, झेलाबाई," मी म्हटलं आणि पुढे मला सांगावंच लागलं, "सहा दिवस झाले. मुलगी आली आहे." मग ते म्हणाले, "तिले थांबाड." मी म्हटलं, आबा, ऊन फार आहे, मीच तिला घेऊन धुळ्याला येते. त्यांनी फोन ठेवून दिला होता.

ऐंशी वर्षांचा माणूस तीन एसट्या बदलून, जळगाव, भुसावळ करत, चार वाजता माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, बगलेत काळी पिशवी. ती बाई दुपारची पॅकिंगची पाळी आटोपून बाकावर येऊन बसली होती. कुणीतरी मोठे साहेब असावेत असं समजून ती उठायला लागली. आबांनी हातानं तिला बसवलं आणि शेजारी बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी खाली ठेवलं.

"गोविंदा सखाराम," ते म्हणाले. "तुझ्या बापाचं नाव गोविंदा. आजाचं सखाराम."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तुमाले कसं मालूम, बाबा?"

"तुझ्या मायनं मला सांगितलं होतं. चावडीवर. तू कडेवर होतीस. मी तिथला तलाठी होतो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दार, चहा, पाच पंच, रडणारं लेकरू, अपील. काही झाकलं नाही. मला सांगितलं होतं त्याहून कमी शब्दांत सांगितलं. ती ऐकत होती. बोटांवरचा चीक अंगठ्यानं खरवडत होती, तो काही निघत नाही.

मी म्हटलं, "ताई, आता तुम्ही नाव सांगा, मी टाइप करते. नोंदीला एवढं पुरतं. आबा, दुसरा काही कागद लागत नाही."

"तुले लागत नही. तिले लागस," आबा म्हणाले आणि पिशवी उघडली.

पहिला कागद खाडाखोड होऊन वाया गेला. मी लिहिते म्हटलं तर ऐकेनात. दुसऱ्या कागदावर त्यांनी सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं, खाली तिकीट लावून सही केली. तिला धड वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं. मी तत्कालीन तलाठी लिहून देतो की, मयत गोविंदा सखाराम यांच्या पश्चात पत्नी झेलाबाई व एक मुलगी त्याच घरात हयात असताना मी आत न डोकावता, पत्नी नाही व अपत्य नाही, अशी नोंद केली. सदर पत्नीने चावडीवर समक्ष येऊन, स्वतःच्या तोंडाने पतीचे नाव सांगितले. ते मी लिहून घेतले नाही. ही नोंद खोटी आहे व ती मी केली आहे.

कचेरीतले दोघे-तिघे कामं थांबवून पाहत होते. ती बाई कागदाकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मायनं कसं घेतलं व्हतं नाव? लाजत?"

"नाही." आबांनी मान हलवली. "खणखणीत. पदर डोक्यावरून मागे सरकला होता, तिला भान नव्हतं. चावडीच्या बाहेर बैलांना पाणी पाजणारी माणसं होती, तीसुद्धा वळून पाहायला लागली."

ती पहिल्यांदा जराशी हसली. आईचा तसा आवाज तिनं कधी ऐकला नसावा. कागदाची घडी करून तिनं ती रुमालात ठेवली, रुमालाला गाठ मारली. रावेरकडची बोली बोलणारी ती बाई मग आईच्या अहिराणीत म्हणाली,

"म्हंजे तुम्ही आयकं व्हतं."

ती चिडून म्हणाली असती तर आबांना सोसलं असतं. त्यांनी तिच्याकडे पाहायचा प्रयत्न केला आणि त्यांना ते जमलं नाही.

"हां बेटा," ते म्हणाले. "आयकं व्हतं."